आडव्या बागेत पिलं मोजणारी पोरगी: लहान मुलांकडून शिकण्यासारखं खरंच काही असतं का?

केळीवाला:
जूनच्या वादळात आमची रावेरकडची मृगबाग, म्हणजे गेल्या मृगात लावलेली केळी, आडवी झाली. कटाईला पंधरा दिवस होते. बांधावर उभा राहून मी मनात सोसायटीचं कर्ज, खत, मजुरी जोडत होतो. साडेपाच वर्षांची लेक पडलेल्या खोडांतून वाकून फिरत होती. एकदम ओरडली, "पप्पा, पिलं तं उभेच हाये!" पिलं म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेले नवे कोंब. मी त्याच बुंध्यांकडे अर्धा तास बघत होतो, पण डोक्यात घडांचा भाव. तेव्हापासून वाटतंय, आपण पोरांना शिकवतो खरं, पण बघायला त्यांच्याकडूनच शिकावं.

सोसायटीचा_मेंबर:
भाऊ, वाईट झालं. पण पोरीला पिलं दिसली, कारण सातबाऱ्यावरचा बोजा तिच्या नावावर नाही. तुम्हीही पिलं मोजत बसला असता तर विम्यासाठी 72 तासांत कळवलं कोणी असतं? आपण काळजी वाहतो म्हणून ती निवांत. तिच्याकडून कसले धडे घ्यायचे?

धुळ्याची_माय:
निवांत? मुलं आजच्यापुरती जगतात, लगेच विसरतात, हे पुरुषमंडळींनाच वाटतं. लेकाला म्हटलं होतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधून देईन. (झोका तसा माहेरवाशिणींचा, पण पोऱ्याला कोण समजावणार!) राहून गेलं. वर्षभर शब्द नाही. पुढच्या आखाजीला आठ दिवस असताना, "माय, झोका कव्हय बांधशी?" मी सपशेल विसरले होते. मला विचाराल तर शिकायचं ते हे. दिलेला शब्द ते धरून बसतात, आपण कामाच्या रगाड्यात सोडून देतो.

सोसायटीचा_मेंबर:
झोका आणि कर्ज एक नव्हे, ताई.

धुळ्याची_माय:
कर्जाचं कोण बोलतंय, दादा? तुमच्या घरी पोरं काय मागतात, ते तरी ठाऊक आहे का?

निवृत्त_मास्तर:
31 वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. हीच निरागस मंडळी शेजारच्याची पेन्सिल पळवतात, कुत्र्याच्या पिलाला दगड मारतात, वर हसतात. साधारण सात वर्षांपर्यंत दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं मुलांना जड जातं, असं पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं. पहिलीच्या वर्गात ते रोज दिसतं. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं, कपडे स्वतः आवरून ठेवायचे. मुलं ते बघून शिकायची. म्हणजे बघायचं कोणी कोणाकडे? उगाच देव्हाऱ्यात बसवू नका पोरांना.

केळीवाला:
मेंबरसाहेब, विम्याचं मुदतीत कळवलं. पंचनामाही झाला. मास्तर, तुमचं म्हणणं शेतातच कळलं. पिलबाग, म्हणजे पिलांपासूनची पुढची बाग, धरायला घेतली. एका बुंध्याला एक जोमदार पील ठेवायचं, बाकीची कापायची. लेक विळ्यासमोर आडवी. "हे काहून कापता?" सगळी ठेवली तर एकाचाही घड पोसत नाही, हे तीनदा समजावलं. पटलं नाही. रडून गोंधळ घातला. मजूर खोळंबले, मजुरी चालू. शेवटी विहिरीजवळच्या एका बुंध्याची तिन्ही पिलं ठेवली. आता त्यांना रोज बादलीने पाणी घालते, ठिबक चालू असतानाही.