विषय: जुळे सोलापूरची खिडकी – दुपारी अडकते, पावसात गळते

नमस्कार मंडळी,
आई-बाबांच्या घरी पश्चिमेला ५ बाय ४ फुटी सरकती यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) खिडकी आहे. चौकटीभोवती व्हाइट सिमेंट भरलंय, त्याला भेगा पडल्यात. शटर सकाळी सुरळीत सरकतं, दुपारी अडकतं. पाऊस आला की पाणी आतल्या कट्ट्यावर. मिस्त्री म्हणतोय, वरून सिलिकॉन मारतो. मारू दे का?

---

ताई, नको. "दुपारी अडकतं" यातच सगळं आलं. यूपीव्हीसी उन्हात वाढतं. ५ फुटांची चौकट ३० अंशांच्या फरकाला साधारण ३ मिमी. सोलापूरचं मे महिन्याचं पश्चिमेचं ऊन, त्यात चारी बाजूंनी सिमेंट. मग चौकट आत पोट काढते आणि शटर घासतं.

आधी बाबांना ट्रॅकमध्ये लोटाभर पाणी ओतायला सांगा. ते बाहेरच्या खाचांतून लगेच पडायला हवं. बहुतेक वेळा गिलाव्याचं सिमेंट या खाचांत बसलेलं असतं. बारीक स्क्रूड्रायव्हरने कोरून काढलं तरी निम्मी गळती थांबते. मग दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर चौकट काटकोनात नाही, स्क्रू सोडून ती पुन्हा बसवावी लागेल.

शटर काढून ठेवून सिमेंट छिन्नीने हळू काढायचं. ग्राइंडर चौकटीजवळ नकोच. भोवती ८-१० मिमी फट हवी. स्क्रू कोपऱ्यापासून १५० मिमीवर, पुढे जास्तीत जास्त ६०० मिमी अंतराने; म्हणजे तुमच्या खिडकीला ५ फुटी बाजूंना ४-४ आणि ४ फुटी बाजूंना ३-३. प्रत्येक स्क्रूपाशी भिंत आणि चौकटीच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवा, नाहीतर स्क्रू आवळताच चौकट भिंतीकडे ओढली जाते.

---

काकांच्या मेलला जोड. फटीत पीयू फोम (फुगून घट्ट होणारा फेस) भरताना मिस्त्री हात सैल सोडतात. फट अर्धीच भरायची, बाकीचं काम फुगून होतं. ठासून भरला तर सिमेंटसारखाच चौकट वाकवतो, म्हणून मध्ये आडवी-उभी लाकडी दांडी टेकवून ठेवा. फोमच्या आधी फटीतली धूळ झटकून पाणी शिंपडा. वाढलेला फोम दुसऱ्या दिवशी कापा आणि उघडा ठेवू नका, उन्हात भुगा होतो.

खालच्या ट्रॅकमधून मारलेल्या स्क्रूंची डोकी सिलिकॉनने बंद केलीत का, ते बघा. तिथलं पाणी थेट भिंतीत उतरतं आणि ओल खालच्या खोलीत दिसते, त्यामुळे खिडकीवर कुणाचा संशयच जात नाही.

---

दोघांचे आभार. सिलिकॉन कोणतं आणायला सांगू?

---

न्यूट्रल क्युअर. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर परत करा, ते सिमेंटवर नीट धरत नाही. बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना, तेही पाहून घ्या. आणि रंगकाम करायचं असेल तर आधी उरका. सिलिकॉनवर रंग बसत नाही.