पीसीआरमध्ये ठरलेल्या लांबीचा तुकडा नेमका कोणत्या फेरीत तयार होतो?

कागदपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार. मी रसायनशास्त्र शिकवते आणि यंदा वरच्या वर्गाला जैवतंत्रज्ञानाचे प्रकरण शिकवण्याची जबाबदारी प्रथमच माझ्याकडे आली आहे. डीएनएची रचना, ए समोर टी आणि जी समोर सी हा जोड्यांचा नियम, दोन्ही धाग्यांच्या परस्परविरुद्ध दिशा, इथपर्यंत मला काही अडचण आली नाही. पीसीआर, म्हणजे डीएनए फेरीफेरीने तापवून-थंड करून त्यातील ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत; तिच्या आकृतीपाशी मात्र मी चार दिवस अडून बसले आहे.

पुस्तकातील आकृतीत दुहेरी डीएनए तापवून सुटा होतो, दोन बाजूंना दोन प्रायमर (नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसतात आणि लगेच पुढच्या चित्रात नेमक्या लांबीचे आखूड तुकडे दिसू लागतात. हेच मी कागदावर काढून पाहिले. वरचा धागा निळा, डावीकडे ५-प्राइम आणि उजवीकडे ३-प्राइम टोक. खालचा धागा लाल आणि उलट दिशेचा. मधोमध ३०० जोड्यांचा हवा असलेला भाग. निळ्या धाग्यावर प्रायमर त्या भागाच्या उजव्या कडेला बसतो आणि नवा धागा डावीकडे वाढत जातो. परंतु डावी कड आली म्हणून तो थांबेल कशाने? तिथे कोणतीही खूण नाही, कोणताही अडथळा नाही. तो कड ओलांडून पुढे जाणारच. लाल धाग्यावरही हेच, फक्त उलट दिशेने. म्हणजे पहिल्या फेरीनंतर माझ्याकडे एक टोक नेमके आणि दुसरे टोक मोकाट असे दोन धागे आहेत, ३०० अक्षरांचा एकही नाही. मग तो येतो कुठून?

दुसरी शंका याच्याशीच जोडलेली आहे. पॉलिमरेज हे विकर नवी अक्षरे केवळ ३-प्राइम टोकालाच का जोडते, आणि त्याला सुरुवातीला प्रायमर लागतोच कशाला? एकाच प्रायमरवर काम भागले नसते का?

प्रयोगवही

तुम्ही काढलेली पहिली फेरी अगदी बरोबर आहे. त्या आकृतीने दोन फेऱ्या गाळल्या आहेत आणि हा गोंधळ त्यातूनच झाला आहे. पॉलिमरेजला कड ओळखता येत नाही, ते साचा संपेपर्यंत किंवा तापमान पुन्हा चढेपर्यंत जोडत राहते. त्यामुळे ‘त्याला थांबवते कोण’ असे विचारण्याऐवजी ‘त्याचा साचा कुठे संपतो’ असे विचारले, तर उत्तर तुमच्या कागदावरच सापडेल.

निळ्या धाग्यावरून पहिल्या फेरीत जो नवा धागा तयार झाला, त्याची सुरुवात पाहा. ती प्रायमरने झाली. प्रायमर हा केवळ आधार देऊन बाजूला होणारा टेकू नाही. तो त्या नव्या धाग्याचा कायमचा भाग बनतो आणि त्याचे ५-प्राइम टोक हेच नव्या धाग्याचे ५-प्राइम टोक ठरते. म्हणजेच हा धागा उजव्या कडेपाशी संपलेला आहे. त्याच्या उजवीकडे एकही अक्षर नाही. डावीकडे तो कितीही लांब गेलेला असो.

आता दुसऱ्या फेरीत हाच धागा साचा होतो. त्यावर दुसरा प्रायमर डाव्या कडेला बसतो आणि नवा धागा उजवीकडे वाढू लागतो. तो उजव्या कडेपाशी पोहोचतो तेव्हा त्याच्याखालचा साचाच संपलेला असतो, कारण पहिल्या फेरीत तिथे प्रायमरने सुरुवात केली होती. वाचायला अक्षर उरले नाही की पॉलिमरेज थांबते. हा झाला तुमचा ३०० अक्षरांचा पहिला धागा: डावे टोक स्वतःच्या प्रायमरमुळे नेमके आणि उजवे टोक आधीच्या फेरीतील प्रायमरमुळे नेमके. लाल धाग्याच्या बाजूनेही असाच एक धागा मिळतो.

तरीही दुसऱ्या फेरीअखेर हे दोन्ही आखूड धागे आपापल्या लांब जोडीदाराला चिकटलेले असतात. दोन्ही बाजूंनी नेमका असा दुहेरी तुकडा तिसऱ्या फेरीत मिळतो, कारण त्या फेरीत आखूड धागा स्वतः साचा बनतो. एका दुहेरी रेणूपासून सुरुवात केली, तर तिसऱ्या फेरीअखेर आठ दुहेरी रेणू होतात आणि त्यांपैकी दोनच पूर्णपणे नेमक्या लांबीचे असतात. चौथ्या फेरीत सोळापैकी आठ.

प्रायमर तुकड्याचाच भाग बनतो, याचा प्रयोगशाळेत रोज उपयोग होतो. प्रायमरचे ३-प्राइम टोक साच्याशी तंतोतंत जुळावे लागते, परंतु ५-प्राइम टोकाला आपण आपल्याला हवी ती अक्षरे आगंतुक म्हणून जोडू शकतो. पहिल्या फेरीत ती अक्षरे न जुळता शेपटीसारखी लोंबत राहतात. पुढच्या फेरीत तो धागा साचा झाला की त्यांची नक्कल होते आणि ती तुकड्यात कायमची शिरतात. जीएएटीटीसी हा सहा अक्षरांचा क्रम असा जोडला, तर तयार तुकड्याच्या टोकाला इको-आर-वन या विकराने कापण्याची जागा मिळते आणि तो तुकडा त्याच विकराने कापलेल्या प्लास्मिडमध्ये (जिवाणूतील छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये) बसवता येतो. मात्र त्या सहा अक्षरांच्याही आधी आणखी काही अक्षरे ठेवावी लागतात, कारण अगदी टोकावर हे विकर नीट कापत नाही. पहिल्यांदा प्रायमर आखणाऱ्यांकडून ही गोष्ट हमखास राहून जाते.

तिसरेटोक

दुसऱ्या शंकेविषयी लिहितो. तुम्ही रसायनशास्त्राच्या असल्याने ती तुम्हाला विशेष आवडेल.

नवे अक्षर येते ते ट्रायफॉस्फेटच्या रूपात, म्हणजे तीन फॉस्फेट घेऊन. वाढत्या धाग्याच्या ३-प्राइम टोकावरील हायड्रॉक्सिल गटाचा ऑक्सिजन त्यांतील सर्वांत आतल्या फॉस्फेटवर हल्ला करतो, बंध तयार होतो आणि उरलेले दोन फॉस्फेट पायरोफॉस्फेट म्हणून निघून जातात. बंध जोडण्यासाठी लागणारी ऊर्जा येणारे अक्षर स्वतःबरोबर घेऊन येते, हा यातील कळीचा मुद्दा आहे.

याच्या उलट व्यवस्था कल्पून पाहा. धागा ५-प्राइम टोकाकडून वाढत असता, तर ऊर्जेचा तो साठा वाढत्या टोकावर असला असता. चुकीचे अक्षर लागले आणि विकराने ते छाटून टाकले, की त्याबरोबर ट्रायफॉस्फेटही गेला असता आणि पुढचे अक्षर जोडायला ऊर्जाच उरली नसती. आताच्या व्यवस्थेत चुकीचे अक्षर छाटल्यावर मागे पुन्हा तसाच हायड्रॉक्सिल गट उरतो आणि येणारे नवे अक्षर स्वतःची ऊर्जा आणतेच. दिशा एकच का, याचे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण हेच आहे: या दिशेने चूक दुरुस्त करता येते आणि काम थांबत नाही.

या हायड्रॉक्सिल गटाचे महत्त्व पटवायला १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी प्रसिद्ध केलेल्या क्रमनिर्धारण पद्धतीइतके चांगले उदाहरण नाही. त्यांनी हा गट नसलेली डायडिऑक्सी अक्षरे मिश्रणात थोड्या प्रमाणात मिसळली. असे अक्षर जिथे लागेल तिथे धागा कायमचा थांबतो, आणि थांबलेल्या धाग्यांच्या लांबीवरून कोणते अक्षर कितव्या स्थानी आहे ते वाचता येते. एका ऑक्सिजन अणूच्या अभावावर संपूर्ण पद्धत उभी आहे. या कामासाठी त्यांना १९८० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रायमर का लागतो, याचे उत्तरही यातच आहे. पॉलिमरेज अक्षर जोडते ते आधीच जुळून बसलेल्या ३-प्राइम टोकाला. शून्यातून सुरुवात करणे त्याला जमत नाही. पेशीमध्ये प्रायमेज हे वेगळे विकर आरएनएचा छोटा तुकडा घालून देते आणि पुढे तो काढून टाकून तिथे डीएनए भरला जातो. परीक्षानळीत प्रायमेज नसते, म्हणून प्रायमर आपण देतो. विकराची ही मर्यादा आपल्या दृष्टीने मोठी सोय ठरली आहे, कारण पॉलिमरेजला कुठूनही सुरुवात करता आली असती, तर नळीतील सगळ्याच डीएनएची सरसकट नक्कल झाली असती. आपण प्रायमर निवडतो म्हणजे प्रत्यक्षात पत्ता लिहितो.

हा पत्ता किती लांब असावा याचे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. चार अक्षरांपासून १६ अक्षरी क्रम सुमारे ४२९ कोटी होतात आणि मानवी जनुकसंचाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी जोड्या असतात; म्हणजे १६ अक्षरे अगदीच काठावर पडतात. २० अक्षरांचे क्रम सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. प्रायमर साधारणपणे १८ ते २५ अक्षरांचे का असतात, हे यावरून ध्यानात येते. अर्थात जनुकसंचातील अक्षरे यदृच्छेने पसरलेली नसतात आणि पुनरावृत्ती पुष्कळ असते, म्हणून प्रत्यक्ष क्रम तपासून घ्यावाच लागतो.

एकाच प्रायमरने नक्कल होते, परंतु दर फेरीत मूळ धाग्यामागे एकच नवा धागा मिळतो आणि त्या धाग्यावर तो प्रायमर बसू शकत नाही. ३० फेऱ्यांत ३० धागे. दोन प्रायमर असले की प्रत्येक नवा धागा पुढच्या फेरीत स्वतः साचा होतो आणि दुपटीचा हिशेब सुरू होतो.

कागदपेन्सिल

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून तिसऱ्या फेरीपर्यंत गेले. एकूण १६ पट्ट्या झाल्या: २ मूळ, ६ लांब आणि ८ आखूड. दोन्ही बाजू नेमक्या असलेल्या दोन जोड्या टेबलावर वेगळ्या काढून ठेवल्या तेव्हा झालेला आनंद सांगता येणार नाही. प्रायमर धाग्याचाच भाग बनतो, हे एक वाक्य माझ्या पुस्तकात नव्हते.

एक शंका उरली आहे. ते लांब धागे कुठे नाहीसे होत नाहीत. मग जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, ३०० च्या ठिकाणी एकच स्वच्छ पट्टा कसा दिसतो?

प्रयोगवही

लांब धागा केवळ मूळ धाग्यावरून तयार होतो आणि मूळ धागे दोनच आहेत. त्यामुळे प्रत्येक फेरीत लांब धाग्यांची संख्या दोननेच वाढते: तुमच्या पट्ट्यांत तिसऱ्या फेरीला ६ होत्या, तिसाव्या फेरीला ६० होतील. आखूड धाग्यांची संख्या मात्र जवळजवळ दुपटीने वाढत जाते. फेऱ्यांची संख्या न मानली, तर दोन्ही बाजूंनी नेमके असलेले दुहेरी रेणू दोनाचा न वा घात वजा दोन न इतके असतात. तिसाव्या फेरीसाठी हा आकडा सुमारे १०७ कोटी येतो. १०७ कोटींपुढे ६० धागे, तेही वेगवेगळ्या लांबीचे, जेलवर दिसणे शक्यच नाही.

हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीत पूर्ण दुप्पट होत नाही आणि अखेरच्या फेऱ्यांत वाढ मंदावते, कारण प्रायमर व सुटी अक्षरे कमी होत जातात, विकर थकते आणि तयार धागे प्रायमरला जागा देण्याआधीच एकमेकांना चिकटू लागतात. विकर तीस वेळा ९५ अंश सेल्सियसच्या आसपास तापूनही टिकते, हेच मुळात थर्मस अ‍ॅक्वाटिकस या उष्ण झऱ्यातील जिवाणूमुळे शक्य झाले. त्याचे टॅक पॉलिमरेज वापरात येण्यापूर्वी दर फेरीला विकर नव्याने घालावे लागे. टॅकला स्वतःची चूक छाटता येत नाही, हा त्याचा मोठा दोष. अचूकता हवी असेल तेव्हा पायरोकॉकस फ्युरिओससचे पॉलिमरेज किंवा तशाच क्षमतेचे दुसरे वापरतात.

आखूड तुकड्याच्या या संख्येचा एक परिणाम मी स्वतः भोगला आहे. एकदा आमच्या नियंत्रण नळीत, म्हणजे साचा न घालता केवळ पाणी घातलेल्या नळीत, ३०० च्या ठिकाणी स्पष्ट पट्टा आला. पाणी बदलले, प्रायमर नवे आणले, तरी पट्टा कायम. तीन आठवड्यांनी उलगडा झाला: तयार झालेल्या नळ्या आम्ही ज्या टेबलावर उघडत होतो, त्याच टेबलावर आणि त्याच पिपेटने नवी मिश्रणे तयार करत होतो. झाकण उघडताना उडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातही त्या तुकड्याच्या असंख्य प्रती असतात, आणि त्या प्रती दोन्ही प्रायमर नेमके बसतील अशाच असल्यामुळे त्यांच्यापासून पहिल्याच फेरीत ठरलेल्या लांबीचा दुहेरी तुकडा मिळतो. आपण ज्या दोन फेऱ्यांविषयी इतके बोललो, त्या तिथे लागतच नाहीत. त्यानंतर मिश्रणासाठी वेगळी खोली आणि वेगळी पिपेट ठेवली आणि पट्टा गेला.

वर्गात पट्ट्या वापरणार असाल, तर दोन्ही प्रायमर दोन वेगळ्या गडद रंगांचे ठेवा आणि पट्टीच्या टोकाला प्रत्यक्ष चिकटवा. दुसऱ्या फेरीत पट्टी कुठे थांबते, ते मुलांना तो रंग पाहूनच कळेल.