कॅम्प उघडायचा तर हातांनी उघडा, फोनवरून नव्हे

पाणकाठ:
परवाच्या पोस्टला तिथेच उत्तर दिलं नाही, कारण ते चार ओळींत मावलं नसतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: एका सदस्याने अमेरिकेतल्या मेन राज्यातला तळ्यावरचा कॅम्प, म्हणजे सुट्टीत राहायचं घर, 'पूर्ण स्मार्ट' केलाय. बोस्टनहून गाडी काढतानाच फोनवरून हीटर, पंप आणि वॉटर हीटर चालू करायचे, पोचेपर्यंत घर गरम आणि नळाला पाणी. वर असंही लिहिलंय की जे अजून वसंतातले दोन दिवस पाइप तपासण्यात घालवतात ते हौसेने त्रास विकत घेतात.

हे वाचून नवीन कॅम्प घेणारा कुणीतरी तसंच करेल, म्हणून लिहितोय. हिवाळ्यात गोठून फुटू नये म्हणून रिकामी केलेली पाइपलाइन म्हणजे पंपाचे ड्रेन-प्लग बाहेर, नळ उघडे, टाकी कोरडी. त्यावर पंप चालू केलात तर तो कोरडा फिरतो आणि थोड्याच वेळात त्याचं सील जळतं. वॉटर हीटरचं एलिमेंट तर कोरड्या टाकीत मिनिटभरही टिकत नाही. क्रम उलटा आहे: आधी सगळे प्लग आणि ड्रेन बंद, मग पंपात पाणी भरणं, मग टाकी भरू देणं, मग गरम पाण्याचा नळ उघडून फुसफुस थांबेपर्यंत, धार एकसंध होईपर्यंत उभं राहणं. वॉटर हीटरचा ब्रेकर त्यानंतर. हीटर प्रोपेनचा असेल तर बाहेरच्या धुराड्यात घरटं किंवा बर्फ नाही ना, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. ते बुजलेलं असलं की कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पण वसंतात कॅम्प उघडणं म्हणजे सहा महिने बंद असलेल्या वस्तूंना एकेक करून विचारणं: तू ठीक आहेस का? ते विचारायचं काम बटणाचं नाही.

वेगवान_व्हरमाँट:
इतका मोठा लेख, पण ज्या पोस्टवर चिडलात त्यात पाइपलाइन रिकामी केली होती असं लिहिलेलंच नाही. बऱ्याच जणांचा कॅम्प हिवाळाभर ७-८ अंश सेल्सियसवर ठेवलेला असतो, पंप खाली गरम खोलीत असतो. तिथे फोनवरून चालू केलं तर बिघडतं काय?

आणि कॅलेंडरवर विसंबायचे दिवस गेले. न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तळ्याच्या बर्फ सुटण्याच्या, म्हणजे वितळून पाणी मोकळं होण्याच्या, नोंदी १८८७ पासून आहेत. १८८८ मध्ये बर्फ १२ मेला सुटला होता, २०२४ मध्ये १७ मार्चला. एका साध्या कॅमेऱ्यावर तळं कळतं, डॉक (पाण्यातला पायांवरचा धक्का) कधी टाकायचा ते कळतं. दोनशे मैल गाडी हाणून 'अजून बर्फच आहे' म्हणत परत येण्यात कसली थोरवी?

पाणकाठ:
कॅमेरा मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमध्येही कॅमेऱ्याविरुद्ध एक शब्द नाही, शोधून बघा.

७-८ अंशांवर ठेवलेल्या घराचं: वीज जाते. नॉरईस्टर (इथलं ईशान्येचं मोठं वादळ) आला की दोन-तीन दिवस जाते. वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की तुमचा थर्मोस्टॅट मुका. फोनवर शेवटचा आकडा ८ दिसत राहतो आणि आत उणे ५ झालेलं असतं. पाइपात बर्फाचा बोळा धरतो, तो फुगून बंद नळाच्या बाजूला पाणी दाबतो आणि तांब्याची पाइप तिथे फाटते. गोठलेली असेपर्यंत ती गळत नाही, वितळली की गळते. म्हणजे नेमकं तुम्ही बोस्टनहून पंप चालू कराल तेव्हा.

वेगवान_व्हरमाँट:
त्यासाठीच गळती-सेन्सर आणि मोटरने आपोआप बंद होणारी झडप असते. पाणी दिसलं की झडप बंद. दोन्हींना बॅटरी लावता येते.

खांबांवरचं_घर:
इथे मध्ये पडतो. जुने कॅम्प खांबांवर उभे असतात, खाली उघडी माती. पाइप फाटली तर पाणी मातीत जातं, सेन्सर वर स्वयंपाकघरात सिंकखाली कोरडा ठणठणीत. पंप तळ्यातून ओढतोय आणि जमिनीत ओततोय. सेन्सर जिथे ठेवलाय तिथलंच सांगतो.

याला स्वस्त उपाय म्हणजे बाजूला छोटी दांडी असलेला प्रेशर स्विच. दाब ठरावीक पातळीखाली गेला की तो पंप बंद करतो, आणि पुन्हा सुरू करायला माणसाने दांडी हाताने धरून दाब वर येईपर्यंत उभं राहावं लागतं. बनवणाऱ्याने विचार करूनच ते हाताला ठेवलंय. दाब कशामुळे गेला हे बघितल्याशिवाय पंप पुन्हा लागू नये, इतकाच त्याचा अर्थ.

विहीरवाला:
थोडं अवांतर. बर्फ सुटल्यावर दर वर्षी एकच प्रश्न येतो: पंप चालतो पण पाणी उचलत नाही. दहातले बरेचसे पंप चांगले असतात, दोष तळ्यात असतो. आपल्याकडे विहिरीच्या मोटारीवर ज्याला फुटबॉल म्हणतात तोच, फूट व्हॉल्व्ह: पाइपच्या पाण्यातल्या टोकाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप. त्याच्या जाळीत शेवाळ किंवा झडपेखाली वाळूचा एक कण बसला की पाइप रात्रीतून रिकामी. व्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नका. सिमेंटच्या ब्लॉकला बांधून निदान दोन फूट वर ठेवा.

दुसरं, लोक पंपात दोन तांबे ओतून 'भरला' म्हणतात. एक इंची पाइप शंभर फूट असेल तर तिच्यातच १५-१७ लिटर पाणी मावतं. हळूहळू ओता, बुडबुडे वर येतात, पातळी खाली जाते, पुन्हा ओता. पातळी काठोकाठ येऊन हललीच नाही की प्लगला टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट करा.

खांबांवरचं_घर:
फुटबॉललाच सगळा दोष देऊ नका. निम्म्या वेळा तो ठीक असतो आणि हवा ओढतो तो काळ्या पॉली पाइपचा सांधा. पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, म्हणून दिसत नाही. दोन स्टेनलेस क्लॅम्प लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला, आणि पाइपचं टोक गरम पाण्यात बुडवून मग फिटिंगवर चढवा.

विहीरवाला:
सांध्यातून हवा घेतो हे मान्य, पण 'निम्म्या वेळा' कुठून आणलंत? सांधा गळत असेल तर पंप चालू असतानाही धार तुटक येते, दाबाच्या गेजची सुई थरथरते. फुटबॉल गळत असेल तर चालू असताना सगळं ठीक आणि सकाळी पाइप रिकामी. दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकात घालू नका.

खांबांवरचं_घर:
तसा फरक केलात तर ठीक. आधीच्या प्रतिसादात तो नव्हता.

गुलाबी_कॅन:
पाइप रिकामी करायची म्हणजे नळ उघडून सोडायची, असं वाचणाऱ्यांना वाटू नये. पाइपाला कुठेही झोळ पडला असेल तर तिथे पाणी राहतंच. म्हणून शरद ऋतूत पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) घालायचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं नको, ते विषारी. आणि पाणी घालून ते वाढवू नका. डब्यावर उणे ५० फॅरनहाइट लिहिलेलं बघून लोक निम्मं पाणी घालतात, मग साधारण थंडीतच ते गोठतं. वॉटर हीटरला बायपास (टाकी वगळून जाणारी पाइप) नसेल तर चाळीस गॅलन टाकीच त्याने भरत बसाल. वसंतात आधी थंड पाण्याने सगळे नळ फेस आणि गुलाबी रंग जाईपर्यंत वाहू द्या.

पाणकाठ:
धागा पंपात बुडतोय, पण हरकत नाही, माझं म्हणणं नेमकं हेच आहे. यातली एकही गोष्ट फोनवर दिसत नाही. सुईची थरथर ॲपमध्ये येत नाही.

वेगवान_व्हरमाँट:
येते. प्रेशर ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, दर सेकंदाला आकडा पाठवू शकतो, आणि त्या आलेखात सकाळपर्यंत किती दाब उतरला तेही दिसतं. तुम्ही न बघितलेल्या वस्तूंबद्दल 'होत नाही' असं ठामपणे लिहिता, त्याचाच राग येतो.

पाणकाठ:
बरं, आलेख दिसतो. माझी ती ओळ चुकली. दाब उतरलेला बघून वाळूचा कण मात्र काढायला जाणारा तुम्हीच.

लून_पहारा:
सगळे पाण्याच्या पाइपात अडकलेत, पाण्यावर कोण बघतंय? बर्फ सुटला की काही दिवसांत लून पक्षी परत येतात. त्यांचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही, म्हणून घरटं अगदी पाण्याच्या काठाला. साधारण चार आठवडे अंडी उबवतात. मोठ्या लाटा काढणाऱ्या वेक-बोटीची एक लाट किनाऱ्याला येते आणि अंडी पाण्यात. मेनमध्ये २०२४ पासून वेक-सर्फिंग (अशा बोटीच्या लाटेवरचं सर्फिंग) किनाऱ्यापासून ३०० फुटांच्या आत आणि १५ फुटांहून उथळ पाण्यात बंद आहे, व्हरमाँटमध्ये ५०० फूट आणि २० फूट खोली. तंत्रज्ञान म्हणजे फक्त फोन का? त्या बोटीला जड करणारी पाण्याची बॅलास्ट टाकीही तंत्रज्ञानच. आणि गळाला शिशाची वजनं लावणं बंद करा, लून ती गिळून मरतात. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर आणि जिगांवर (शिसं बसवलेल्या गळांवर) बंदी आहे, टिन किंवा टंगस्टन सहज मिळतं.

वेगवान_व्हरमाँट:
लूनबद्दल शंभर टक्के सहमत, पण यावर वेगळा धागा काढा ना.

लून_पहारा:
वेगळा धागा काढला की तो कुणी वाचत नाही. कॅम्प उघडणारी माणसं इथे आहेत. डॉकही घरटं बघूनच टाका.

सावली_मेन:
मला मूळ मुद्द्यावर यायचंय. पाणकाठ, तुम्ही स्टारलिंकला, म्हणजे डिशवरून मिळणाऱ्या उपग्रह-इंटरनेटला, हातच लावला नाहीत. इंटरनेट आल्यामुळे मे महिन्यात शुक्रवार-सोमवार धरून चार दिवस तळ्यावर राहता येतं, नाहीतर दोनच. सकाळी नऊला मीटिंग, साडेपाचला पाण्यात कयाक. घरच्या आजी-आजोबांना डॉक्टरांशी बोलता येतं. याला वाईट म्हणायचं?

पाणकाठ:
सावलीताई, चार दिवस मिळतात, त्यातले दोन कुणाचे हा प्रश्न आहे. डॉकचा एक पाय रोवायला दोघं लागतात, एक वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक पँट) घालून पाण्यात, एक लेव्हल धरून. एकजण मीटिंगमध्ये असला की दुसरा एकटाच पाण्यात उतरतो. एप्रिलअखेर पाणी ५-७ अंश असतं, तोल गेला तर पहिल्याच मिनिटाला श्वास कोंडतो. म्हणून लाइफ जॅकेट आणि काठावर माणूस, दोन्ही हवेत.

विजेचंही बघा. स्टारलिंकची डिश ५० ते ७५ वॉट खाते, म्हणजे दिवसाला दीड युनिटच्या आसपास. सोलरवरच्या कॅम्पात हा फार मोठा घास आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायचीच नसते, मग एप्रिलच्या थंड सकाळी काय कराल?

सावली_मेन:
डिशला टायमर लावा, रात्री बंद ठेवा. बॅटरी घराच्या आत ठेवा. उत्तरं आहेत. बाकी दोघांचं काम एकट्याने करू नये हे खरं, पण तो दोष डिशचा नाही, माणसांचा.

पाणकाठ:
टायमर चालेल. तेवढं मान्य.

उंदीरनाशक_नको:
हे वाचल्याशिवाय कुणी झाडू हातात घेऊ नका. बंद कॅम्पात डिअर माऊस जातीचे उंदीर असतात, त्यांच्या लेंड्यांतून हंताव्हायरस, फुप्फुसांचा जीवघेणा आजार देणारा विषाणू, येऊ शकतो. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातमोजे. एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात, लेंड्या पूर्ण भिजवा, पाच मिनिटं ठेवा, मग कागदाने पुसा. कोरडं झाडायचं नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. पाव इंचाच्या भोकातून उंदीर आत येतो, तिथे स्टील वूल ठासा.

वेगवान_व्हरमाँट:
याला माझ्याकडे सेन्सर नाही. या बाबतीत पाणकाठ बरोबर.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी तपासा. घर गोठायला लागलं की मोबाइल जाळ्यावरून फोन करणारा जुना अलार्म अजून भिंतीला लटकलेला असेल तर तो थ्रीजीचा आहे का बघा. अमेरिकेतली थ्रीजी जाळी २०२२ मध्ये बंद झाली. हिरवा दिवा लागतो, पण तो कुणालाच फोन करत नाही.

पाणकाठ:
हे उपयोगी सांगितलंत. याच कारणाने खिडकीतला थर्मोस्टॅटचा दिवा मला अजून आवडतो. आतलं तापमान ठरवलेल्या खुणेखाली गेलं की बल्ब लागतो आणि रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याला दिसतो. वीज गेली की मात्र तोही विझतो, म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली हवीच.

विहीरवाला:
पंप बसवून झाल्यावर एवढं करा. प्रेशर टाकी रिकामी असतानाच टायरच्या गेजने तिच्यातली हवा मोजा. ३०/५० च्या स्विचला (३० पीएसआय दाबाला पंप सुरू, ५० ला बंद) २८ हवी. मग पाणी भरून दाब ५० ला गेला की ब्रेकर बंद, सगळे नळ बंद, तासभर जेवून या. सुई उतरली असेल तर टाकीच्या तोंडाशी झडप बंद करून पुन्हा तासभर थांबा. या वेळी सुई टिकली तर गळती घराच्या बाजूला नाही, तळ्याच्या बाजूला आहे. मग फुटबॉल वर काढायला दोरी लागेल, ती ब्लॉकला आधीच बांधून ठेवा.

खांबांवरचं_घर:
थांबा. ती झडप टाकी आणि पंपाच्या मध्ये असेल तरच हे लागू होतं. घराच्या बाजूला असेल तर उत्तर बरोबर उलटं येईल. आधी आपली झडप कुठे आहे ते बघून घ्या.