दीडशे प्रती कोठीत पडून असताना लिहीत का राहावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

शेती सांभाळून मी गेली अकरा वर्षे कथा लिहितो. पहिली कथा एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आली, तेव्हा आठवडाभर ते कात्रण खिशात घेऊन हिंडलो, हे कबूल करायला हरकत नाही. मागील वर्षी पदरचे पैसे घालून तीनशे प्रतींचा संग्रह काढला. प्रकाशकाने गठ्ठे दारात उतरवले आणि त्यानंतर फोन उचलणेच सोडले. त्यांतील दीडशे प्रती आजही सरकीच्या पोत्यांशेजारी पडून आहेत. अभिप्राय आला तो एकच, तोही आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या मावशींचा. नातीने त्यांना सीतादहीची, म्हणजे कापूसवेचणीच्या वेळच्या पूजेची, कथा वाचून दाखवली, तर दुसऱ्या दिवशी त्या धुऱ्यावरूनच म्हणाल्या, ‘पिशवीत नाही वो भाऊ, ओटीत वेचतो आमी कापूस.’ नाव छापून येण्याची हौस फिटल्यावर माणसाला लिहिते ठेवते ते नेमके काय, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, मोर्शी तालुका)

आमच्या तालुक्यातील रिद्धपूरचे उदाहरण देतो. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून एकेक आठवण गोळा केली, नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घेतली, आणि त्यातून सुमारे १२७८ मध्ये लीळाचरित्र उभे राहिले. छपाई नव्हती, मानधन नव्हते, पुरवणी तर नव्हतीच. सांगणारी माणसे थकत चालली आहेत आणि त्यांचे शब्द त्यांच्याबरोबर जातील, ही धास्ती मला त्या सगळ्या खटाटोपामागे दिसते. आपण मावशींच्या बोलण्याला अभिप्राय म्हणता. मी त्याला पडताळणी म्हणेन. ज्याचे लिहिलेले कोणाला तपासावेसे वाटते, त्याला वाचक नाहीत असे कसे म्हणावे?

उत्तर २ (नाट्यलेखक, देसाईगंज-वडसा परिसर)

ग्रंथपाल सरांचा आदर राखून सांगतो, की धास्तीने पोट भरत नाही. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील, रंगभूमीसाठी लिहितो. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि शंकरपटांचा (बैलांच्या शर्यतींचा) हंगाम लागला, की कंपनीला नवे नाटक हवेच असते, संहितेचे पैसे ठरतात, म्हणून मी भर पावसाळ्यात लिहायला बसतो. मात्र एक गोष्ट पैशांत बसत नाही. नाटक रात्रभर चालते. पहाटे तीनच्या सुमारास मी पडद्यामागच्या फटीतून प्रेक्षकांकडे पाहत असतो. थंडीने माणसे घोंगड्यांत शिरलेली असतात. एखाद्या वाक्याला कोणी तोंडावरचे घोंगडे बाजूला सारले, तर ते वाक्य राहते. कोणीच हलले नाही, तर पुढच्या गावी ते कापले जाते. आपल्याला कोठीतली पोती दिसतात, मला माणसे दिसतात, एवढाच आपल्या दोघांत फरक आहे. संग्रह राहू द्या बाजूला. पारावर दहा जण बसवून एक कथा वाचून पाहा.

उत्तर ३ (गृहिणी, अकोट)

पैशांचा उल्लेख आला म्हणून आठवण देते, की ‘धग’ (१९६०) लिहिणाऱ्या उद्धव शेळके यांनीही पुढे उदरनिर्वाहासाठी भराभर कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे ‘धग’ उणी झाली नाही. माझे म्हणाल, तर मी सहा वर्षे लिहिणे बंद ठेवले होते. कोणी विचारले नाही, काही अडलेही नाही. मग एकदा एसटीत मागच्या बाकावरच्या दोन जावा सासूच्या पाटल्यांची वाटणी कशी झाली ते एकमेकींना सांगत होत्या, आणि ते ऐकलेले ठेवायला माझ्याजवळ जागाच नव्हती. उतरल्यावर किराण्याच्या यादीच्या मागे लिहून काढले. यापेक्षा मोठे कारण मला देता येणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पारावर वाचण्याचा धीर अजून होत नाही. परंतु ग्रंथपाल सरांचे उत्तर वाचल्यापासून रोज रात्री जेवण झाल्यावर एक गठ्ठा सोडतो आणि पृष्ठ २३ वर दोन ठिकाणी ‘पिशवीत’ खोडून पेनाने ‘ओटीत’ करतो. बासष्ट प्रती झाल्या. शाई कागदावर थोडी फुटते.