ओव्हरहेडचा रेट कुठला टाकायचा? ३०, ४२.८५७ की ५६? तातडीने मदत हवी

रानजाई:
अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत पीआय (ग्रँटचा मुख्य संशोधक) असलेलं कोणी आहे का इथे? उद्या संध्याकाळपर्यंत बजेट आत जायला हवं आणि मी इनडायरेक्ट कॉस्टवर, म्हणजे इमारत, वीज, प्रशासनासाठी युनिव्हर्सिटी घेते त्या ओव्हरहेडवर, अडकलेय. तीन लाख डॉलरची ग्रँट, दोन वर्षं. युनिव्हर्सिटीचा रेट ५६ टक्के, अर्जाच्या सूचनांत ३० लिहिलंय, ऑफिसने पाठवलेल्या एक्सेलमध्ये ४२.८५७ आणि ज्यांनी ते पाठवलं त्या बाई रजेवर. ५६ टक्के गेले तर माझ्या हातात १,३२,००० उरतात, त्यात काय होणार? कुठला आकडा टाकू ते सांगा प्लीज.

मिशिगनकर:
५६ टक्के तीन लाखांतून वजा नाही करायचे हो, रेट डायरेक्ट कॉस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष संशोधनाच्या खर्चावर, वरून लागतो. ३,००,००० भागिले १.५६, म्हणजे साधारण १,९२,३०० तुमचे आणि १,०७,७०० युनिव्हर्सिटीचे. पण ग्रँट कुणाची ते लिहिलंच नाहीये. आणि तीन लाख ओव्हरहेड धरून की सोडून? एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) मॉड्युलर, म्हणजे ठोक रकमेच्या, बजेटमध्ये वर्षाला अडीच लाखांची मर्यादा फक्त डायरेक्टला असते, इनडायरेक्ट त्याच्यावर वेगळं मिळतं.

सातारी:
आता सगळ्यांना १५ टक्के झालंय ना? बातमी वाचलेली.

मिशिगनकर:
ती एनआयएचची फेब्रुवारी २०२५ ची घोषणा. राज्यं आणि युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि बोस्टनच्या फेडरल कोर्टाने एप्रिलमध्ये कायमची मनाई केली. बातमी वाचून १५ टाकू नका कोणी.

अवकाळी:
रेट कुठला ते सोडा, डीनला भेटा आणि ओव्हरहेड माफ करून घ्या, मी एकदा घेतलं होतं. रात्ररात्र जागून ग्रँट लिहायची आपण आणि एवढा वाटा प्रशासनाला, हे मला कधीच पटलेलं नाही. १९९१ साली स्टॅनफर्डचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा यॉटचा घसारासुद्धा ओव्हरहेडमध्ये लावलेला निघाला होता, अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांना पद सोडावं लागलं.

पाटीबाहेर:
@अवकाळी, त्यानंतरच तर प्रशासनाच्या भागावर २६ टक्क्यांची मर्यादा आली, ती आजही आहे. त्यावरचं सगळं इमारत, वीज, लायब्ररी यांचं. मी उंदरांवर काम करतो, रात्री दोन वाजता एसी बंद पडला तर जो माणूस धावत येतो त्याचा पगार माझ्या कुठल्याच ग्रँटवर नाही, केमिकलचा कचरा उचलणाऱ्यांचाही नाही. तो खर्च कुणीतरी द्यायलाच हवा ना?

अवकाळी:
द्यावा की, पण मग हिशोब पीआयला दाखवा. आमच्या बिल्डिंगचं छप्पर अजून गळतंय आणि ओव्हरहेड दरवर्षी जातोय.

गणिती:
तुमचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, तिला उद्याची डेडलाइन आहे. रानजाई, ३० आणि ४२.८५७ हे दोन्ही एकत्र दिसले म्हणजे ही यूएसडीएची (अमेरिकेचं कृषी खातं) ग्रँट असणार. बरोबर?

रानजाई:
हो, यूएसडीएची ग्रँट देणारी संस्था नीफा, तिचीच. सोयाबीनच्या मुळांवर काम आहे. तीन लाख सगळं धरून.

गणिती:
मग ऐका. ३० आणि ४२.८५७ ही एकच मर्यादा आहे. नीफाच्या कायद्याप्रमाणे इनडायरेक्ट हे एकूण ग्रँटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे तुमच्याकडे ९०,०००, आणि डायरेक्ट २,१०,०००. आता २,१०,००० वर ९०,००० किती टक्के होतात बघा, ४२.८५७. पण इथे थांबायचं नाही. ५६ टक्क्यांनी काढूनही बघायचं आणि दोन्हीत जे कमी येईल ते घ्यायचं. ५६ हा सगळ्या डायरेक्टवर लागत नाही, विद्यार्थ्यांची ट्यूशन फी आणि मोठं इक्विपमेंट त्यातून वगळतात. ते किती आहे तुमचं? आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीला सबअवॉर्ड, म्हणजे या ग्रँटमधला वाटा, आहे का?

रानजाई:
सबअवॉर्ड नाही. ट्यूशन ३०,००० आणि एक ग्रोथ चेंबर (रोपं वाढवायचं यंत्र) ४५,०००.

गणिती:
म्हणजे ७५,००० वगळायचे. एकूण तीन लाखांतच बसवायचं तर डायरेक्ट २,१९,२३१ येतं, त्यातून ७५,००० गेले की १,४४,२३१ उरतात, त्याचे ५६ टक्के ८०,७६९. बेरीज बरोबर तीन लाख. हे ९०,००० पेक्षा कमी आहे, म्हणून तुमच्या बजेटला ५६ चाच हिशोब लागेल, ४२.८५७ चा नाही, आणि संशोधनाला नऊ हजारांहून जास्त वाढून मिळतात. चेंबर काढलात तर मात्र ५६ ने ९६,९२३ येतात, तेव्हा ३० ची मर्यादा लागेल. एक्सेलमध्ये नुसतं ४२.८५७ ठेवून पाठवू नका, दोन्ही हिशोब बजेट जस्टिफिकेशनमध्ये लिहा.

रानजाई:
अहो, खूप खूप आभार! चेंबर ठेवतेय, आत्ताच बदलून ऑफिसला मेल करते, त्या बाईंच्या जागी कोणीतरी बघेलच.

अवकाळी:
चेंबर नवा घेऊ नका, डिपार्टमेंटमध्ये जुना पडलेला असतोच कुठेतरी.

मिशिगनकर:
अहो, आत्ताच तर सांगितलं ना त्यांनी, चेंबर काढला की सगळा हिशोब बदलतो.

सातारी:
माझ्या भाचीला पुण्यात सरकारी प्रोजेक्ट मिळालाय, तिचं कॉलेज म्हणतं ओव्हरहेडचे पैसे आमच्या खात्यात राहणार, विभागाला काही नाही. युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये (पैसे कुठे वापरले त्याचा दाखला) ते कसे दाखवायचे, इथे कोणाला माहीत आहे का?