प्रतिसाद: एक्सेलमध्ये तीन सिग्मा काढताना

गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यातल्या गोळ्यांच्या नाकारलेल्या स्ट्रिप्सचा नियंत्रण आलेख (म्हणजे क्रमाने घेतलेली मापं, मधली सरासरीची रेषा आणि वर-खाली मर्यादेच्या रेषा दाखवणारा आलेख) कशात काढावा, असा मूळ प्रश्न आहे. वर कुणी सुचवलंय की एक्सेलमध्ये सरासरी काढा आणि सगळ्या आकड्यांचं प्रमाण विचलन (सिग्मा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) तिप्पट करून मर्यादेच्या रेषा ओढा. कृपया तसं करू नका. प्रक्रिया मधेच घसरली असेल तर ती घसरणही त्या विचलनात मिसळते, मर्यादा रुंदावतात आणि नेमका बिघाडच लपतो. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये बेल टेलिफोन समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत हा आलेख मांडला तो असा बिघाड वेगळा दिसावा म्हणूनच.

गोळीच्या वजनासारखं एकेक माप असेल तर लगतच्या दोन मापांमधल्या फरकांची सरासरी घ्या, तिला २.६६ ने गुणा आणि मध्यरेषेच्या वर-खाली तेवढ्या अंतरावर मर्यादा आखा. हे एक्सेलमध्येही जमतं.

स्ट्रिप्सचं मात्र एकेक माप नसतं, तर लॉटमधल्या किती नाकारल्या याचं प्रमाण असतं; तिथे पी-चार्ट, म्हणजे अशा प्रमाणांचा नियंत्रण आलेख हवा. लॉटचा आकार बदलतो तशा मर्यादाही बदलतात. लॉट हजारोंचे असतील तर त्या इतक्या अरुंद होतात की प्रक्रिया ठीक असतानाही बरेच बिंदू बाहेर पडू शकतात. अशा वेळी लेनीचा पी-प्राइम, म्हणजे लॉटा-लॉटांमधला नेहमीचा फरकही मर्यादांमध्ये धरणारा सुधारित पी-चार्ट वापरा. मिनीटॅब या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आहे, पण परवाना विकत घ्यावा लागतो. आर (R) ही संख्याशास्त्राची संगणकभाषा मोफत आहे, आणि तिच्यातल्या क्यूआयचार्ट्स२ (qicharts2) या पॅकेजमध्येही तो मिळतो. मला हेच जास्त आवडतं, कारण पावसाळ्यात दमटपणा वाढल्यावर यंत्राची मांडणी बदलली असेल, तर तिथून मर्यादा नव्याने मोजायची सोय त्यात आहे.

लॉटचे आकार साधारण किती असतात तुमच्याकडे?