चर्चा धागा: स्प्रिंटमधले काम वेळेवर पोहोचणे टीमच्या हातात कितपत असते?

पाणवठा (धागालेखक)

गेली चौदा वर्षे मी पुण्यात, हिंजवडीच्या परिसरात सॉफ्टवेअर विकसनाचे काम करतो आहे आणि त्यांतली नऊ वर्षे स्क्रम पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करणाऱ्या टीममध्ये गेली आहेत. स्प्रिंटमध्ये घेतलेले काम पूर्ण का होत नाही, हा प्रश्न दर तिमाहीला विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: अंदाज नीट बांधा, स्टँडअप (रोजची छोटी आढावा बैठक) वेळेवर घ्या, शिस्त पाळा. मला हे उत्तर अपुरे वाटते. काम रखडते ते मुख्यतः कुणाच्या तरी उत्तराची, परवानगीची किंवा यंत्रणेची वाट पाहत पडून राहते म्हणून, आणि अशा बहुतेक जागांवर टीमचा अधिकार चालत नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका स्टोरीचा, म्हणजे स्प्रिंटमध्ये घेतलेल्या एका छोट्या कामाचा, प्रवास दिवसागणिक वहीत लिहून ठेवला. अमेरिकेतील ग्राहकाच्या बिलावर सवलतीची रक्कम सेंटऐवजी पूर्ण डॉलरमध्ये दाखवायची, एवढेच काम होते. कोड लिहिणे आणि तपासणे मिळून ३ दिवस लागले, पण स्टोरी हाती घेतल्यापासून ती वापरात येईपर्यंत कामाचे १९ दिवस गेले. बरोबर ५० सेंट आले तर रक्कम वर धरायची की खाली, या एका प्रश्नाच्या उत्तराला ५ दिवस लागले. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचे हे ठरवणारी व्यक्ती, न्यूयॉर्कला बसतात. हिवाळ्यात आमच्या संध्याकाळच्या साडेसहाला तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात, आणि त्यांनाही उत्तर देण्याआधी हिशेब विभागाला विचारावे लागते. कोड रिव्ह्यूच्या (सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या) प्रतीक्षेत २ दिवस, टेस्ट एन्व्हायर्नमेंट (चाचणीसाठीची यंत्रणा) मोकळे होण्यासाठी ६ दिवस आणि डिप्लॉयच्या (बदल वापरात आणण्याच्या) मंजुरीसाठी ३ दिवस गेले.

उत्तर येईपर्यंत माणूस रिकामा दिसू नये म्हणून तो दुसरी स्टोरी उघडतो, ती अडली की तिसरी. त्या काळात आमच्या सात जणांच्या टीममध्ये १४ स्टोऱ्या उघड्या होत्या आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ७ पूर्ण होत होत्या. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम सांगतो की, रांगेतील कामांची सरासरी संख्या भागिले काम पूर्ण होण्याचा सरासरी दर म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. १४ भागिले ७ म्हणजे दोन स्प्रिंट, अर्थात कामाचे २० दिवस. आमच्या वहीतला १९ हा आकडा अपघाताने आलेला नाही. सर्वांनी सतत कामात दिसले पाहिजे हा आग्रह वरून येतो, आणि उशीर मात्र टीमच्या नावावर लिहिला जातो.

कळफलक

धागालेखकांनी वही ठेवली याबद्दल आदर वाटतो, पण त्यांच्याच वहीतून मला उलटा निष्कर्ष दिसतो. प्रतीक्षेच्या १६ दिवसांपैकी १३ दिवस टीमला वाचवता आले असते. ५० सेंटचा प्रश्न स्प्रिंट सुरू होण्याआधीच, बॅकलॉगची (पुढच्या कामांच्या यादीची) चर्चा होते तेव्हा पडायला हवा होता. पूर्णांकाचा विषय निघाला की मधल्या आकड्याचे काय, हे अनुभवी माणसाला लगेच सुचते. रिव्ह्यूला दोन दिवस लागतात ते बहुधा बदल मोठा आणि एकगठ्ठा आल्यामुळे. आणि टेस्ट एन्व्हायर्नमेंटसाठी सहा दिवस रांग लागते, याचा अर्थ सगळी तपासणी हाताने आणि एकाच ठिकाणी चालते.

चाऊ आणि काओ या संशोधकांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात २५ देशांतील १०९ ॲजाइल (स्क्रमसारख्या पद्धतींनी चालणाऱ्या) प्रकल्पांची माहिती होती. त्यात निर्णायक ठरलेल्या तीन बाबी म्हणजे काम ग्राहकापर्यंत नेण्याची योग्य रीत, अभियांत्रिकी तंत्रांचा कसोशीने वापर आणि टीमची क्षमता. वरिष्ठ व्यवस्थापनाचा भक्कम पाठिंबा निर्णायक असतो, याला त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही. सर्वेक्षण म्हणजे लोकांनी स्वतःबद्दल दिलेली माहिती, ही मर्यादा मी मान्य करतो. तरीही आपल्या सवयीच्या तक्रारीला ते छेद देते.

आमचाही ग्राहक अमेरिकेतच आहे आणि घड्याळही तेच आहे. आम्ही असा नियम केला की आकड्यांसह लिहिलेले उदाहरण असल्याशिवाय कोणतीही स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही. 'सवलत १२.५० असेल तर बिलावर १३ दिसावेत' अशी एक ओळ लिहायला घेतली की निम्मे प्रश्न तिथेच उघडे पडतात. त्यानंतरचे आठ महिने आम्ही स्वयंचलित चाचण्या लिहिण्यात घालवले. पूर्वी दोन दिवस खाणारी तपासणी आता २२ मिनिटांत होते आणि प्रत्येकाचा बदल रोजच्या रोज मर्ज होतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला जातो. यासाठी आम्ही कुणाचीही परवानगी मागितली नव्हती. प्रत्येक स्टोरीच्या अंदाजात चाचण्यांचा वेळ धरला, एवढेच.

अबोली

मी अकरा वर्षे चाचणी विभागात आहे. आपण दोघेही दिवस मोजता आहात. माणसे काय बोलत नाहीत, याची नोंद मात्र दोघांच्याही हिशेबात नाही.

माझ्या आधीच्या टीममध्ये कळफलक यांनी सांगितलेले सर्व काही होते, चाचण्या होत्या आणि उदाहरणेही लिहिली जात होती. एका स्प्रिंटमध्ये विक्रीकराची आकडेमोड सवलत वजा करण्याआधी होत होती, नंतर व्हायला हवी होती. नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले होते. ती बोलली नाही, कारण रोजच्या स्टँडअपला व्यवस्थापक समोर बसत आणि ज्याची स्टोरी अडली त्याचे नाव लाल रंगात पडद्यावर येई. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याने तो कोड लिहिला होता, त्याला सर्वांसमोर 'सर, हे चुकले आहे' असे म्हणणे तिला जमले नाही. चूक ग्राहकाच्या तपासणीत सापडली आणि दुरुस्तीला नऊ दिवस गेले. स्वयंचलित चाचण्या सर्व हिरव्या (म्हणजे यशस्वी) होत्या, कारण चाचण्यांतही तोच चुकीचा क्रम लिहिलेला होता.

एमी एडमंडसन यांनी १९९९च्या आपल्या शोधनिबंधात टीममधल्या मानसिक सुरक्षिततेचा विचार मांडला. चूक दाखवली, शंका विचारली तरी आपल्याला कमी लेखले जाणार नाही, असा टीममधल्या सर्वांना वाटणारा विश्वास, असा त्याचा अर्थ आहे. ज्येष्ठता आणि वार्षिक मूल्यमापन यांचे ओझे आपल्या कार्यालयांत इतके असते की, असा विश्वास आपोआप रुजेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

व्हेलॉसिटीचेही, म्हणजे कामाच्या आकाराचे पॉइंट धरून एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचे काम झाले या मापाचेही, तेच. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलनधोरणाबद्दल नोंदवले होते की, एखाद्या मापावर नियंत्रणासाठी दबाव आणला की त्याचा मूळ संबंध ढासळतो. आमच्याकडे जानेवारीत ३ पॉइंटची असलेली स्टोरी जूनमध्ये ५ पॉइंटची झाली. काम तेवढेच होते, आलेख मात्र वर गेला. २०११च्या स्क्रम मार्गदर्शिकेत स्प्रिंटच्या कामाबाबतचा 'वचन' हा शब्द जाऊन तिथे 'अंदाज' आला, तरी आपल्या बैठकांतून 'वचन' अजून गेलेले नाही.

नदीकाठ

मी डिलिव्हरी मॅनेजर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माणूस रिकामा दिसू नये हा आग्रह आम्ही हौसेने धरत नाही. बहुतेक करारांत ग्राहक माणशी तासांचे पैसे देतो. टाइमशीटमध्ये 'उत्तराची वाट पाहिली' असे लिहिता येत नाही. पाणवठा यांचा नियम गणिताने बरोबर आहे, पण १४ वरून ७ स्टोऱ्यांवर या असे मी सांगितले तर अडलेल्या वेळेत माणसांनी काय करायचे, हेही सांगावे लागेल. शिवाय मधेच एखाद्याने राजीनामा दिला की तीन महिन्यांच्या नोटिशीत त्याचे लक्ष निम्मे उरते आणि नवा माणूस सरावायला आणखी तेवढाच काळ जातो. याचा परिणाम वरच्या सर्व कारणांपेक्षा मोठा असतो, असा माझा अनुभव आहे.

पाणवठा

नदीकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अडलेल्या वेळेत माणसाने नवी स्टोरी उघडू नये, शेजाऱ्याची उघडी स्टोरी संपवायला मदत करावी. तिचा रिव्ह्यू करावा, तिच्या चाचण्या लिहाव्यात. हे तास टाइमशीटमध्ये नेहमीच्याच रकान्यात बसतात. माणूस सोडून गेला तरी दुसऱ्या कुणाला तरी त्या कोडची ओळख झालेली असते, हा त्यातला आणखी एक लाभ.

कळफलक यांचा हिशेब मी टीमसमोर ठेवला. ५० सेंटचा प्रश्न आधी पडायला हवा होता, हे आम्ही सर्वांनी मान्य केले आणि आकड्यांसह उदाहरणाचा नियम पुढच्या स्प्रिंटपासून आम्हीही लागू करतो आहोत. रिव्ह्यूचे दोन दिवस आमचेच. पण टेस्ट एन्व्हायर्नमेंटबद्दल मी सहमत नाही. ते चार टीममध्ये मिळून एकच आहे, त्याचा ताबा वेगळ्या विभागाकडे आहे आणि दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटची मागणी दोन वेळा खर्चाच्या कारणाने परत आली आहे. स्वयंचलित चाचण्या आम्ही लिहूच. परंतु बिलाची छपाई करणारी जुनी प्रणाली त्याच एका जागी जोडलेली असल्यामुळे शेवटची तपासणी तिथेच करावी लागते.

अबोली यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी वही पुन्हा उघडली. उत्तराच्या त्या पाच दिवसांतले पहिले दोन दिवस प्रश्न न्यूयॉर्कला गेलाच नव्हता. ज्याच्याकडे स्टोरी होती तो सहकारी म्हणाला, "इतका साधा प्रश्न विचारला तर काय वाटेल, म्हणून थांबलो." ते दोन दिवस मी प्रॉडक्ट ओनरच्या नावावर लिहिले होते. आज ती नोंद खोडून दुरुस्त केली.